विमान डावीकडे पडतंय? मोटर नको, शेपटी बदल

अमळनेरच्या एका डिप्लोमाच्या मुलाने विचारलं आहे: “स्वतः बनवलेलं पहिलंच रेडिओवरचं विमान आहे. पंख १२०० मिमी लांब, २०० मिमी रुंद. एकूण वजन ११५० ग्रॅम. २२१२ मोटर, १००० केव्ही, १० बाय ४.५ चा प्रॉप (प्रोपेलर), थ्री-सेल २२०० ची बॅटरी. बॉडी आणि शेपटी सनबोर्डची, पंख थर्माकोलचे. तीनदा फेकलं. तिन्ही वेळा नाक वर केलं, डावीकडे कललं आणि जमिनीत घुसलं. काठी पूर्ण उजवीकडे नेली तरी ऐकलं नाही. मोठी मोटर टाकू का?” त्याने सीजीही (विमानाच्या वजनाचा तोल साधतो ती जागा) मोजून कळवलाय, पंखाच्या पुढच्या कडेपासून ८५ मिमी. तिन्ही वेळा मे महिन्यात, दुपारी चारच्या सुमाराला उडवलं. सोबत फोटो आणि व्हिडिओही पाठवलेत.

भाऊ, मोटर घेऊ नकोस. ते पैसे ठेव. तू आकडे मोजून दिलेस म्हणून इतक्या ठामपणे सांगता येतंय, नाहीतर नुसतं “विमान पडतं” एवढ्यावर कोणी काही सांगू शकत नाही. जळगावात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे आणि एनसीसीच्या एअर विंगमध्ये बाल्सा (हलकं लाकूड) कापायला शिकलो तेव्हापासून विमानं बनवतोय. मोटर माझ्या रोजच्या हातातली वस्तू आहे. तुझी मोटर या विमानाला पुरेशी आहे.

हिशोब बघ. ही मोटर हा प्रॉप घेऊन थ्री-सेलवर साधारण ८०० ग्रॅम ओढ देते. शिकाऊ विमानाला स्वतःच्या वजनाच्या निम्मी ओढ मिळाली तरी ते चढतं. तुझी ७० टक्के आहे. (हा केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे. एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे, तो आकडा. दुकानात येणारी निम्मी पोरं इथे गोंधळतात.) मोठी मोटर लावलीस तर वजन वाढेल आणि प्रॉपच्या उलट दिशेने बॉडीला बसणारा पीळही वाढेल. मागून पाहिलं तर प्रॉप घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, म्हणून बॉडी डावीकडे वळू पाहते. म्हणजे ज्या बाजूला ते पडतंय, त्याच बाजूला आणखी जोरात पडेल.

खरं दुखणं ८५ या आकड्यात आहे.

तुझा पंख सरळ, आयताकृती आहे. अशा पंखावर वजनाचा तोल रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर हवा, म्हणजे पुढच्या कडेपासून ५० ते ६० मिमी. तुझा ४२ टक्क्यांवर आहे. खेड्यातल्या माणसाला हे एका शब्दात कळतं: गाडी उलाळ झालीय. मागे जास्त भरलेली बैलगाडी जशी जू उचलून घेते आणि बैलांच्या मानेवर काही राहत नाही, तसं तुझं विमान हातातून सुटल्याबरोबर नाक उचलतं. नाक उचललं की वेग मरतो. वेग मेला की पंख हवा सोडतो, म्हणजे विमानाला उचलणं थांबवतो. दोन्ही पंख एकदम क्वचितच सोडतात, आणि मोटरचा पीळ डावीकडे असल्यामुळे आधी डावा सुटतो.

आता “काठी पूर्ण उजवीकडे नेली तरी ऐकलं नाही” याबद्दल. हे नीट समजून घे, कारण यात तुझा हात चुकला नाही, तुला कोणी सांगितलं नव्हतं एवढंच. रेडिओची काठी उजवीकडे नेली की उजवा एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी) वर जातो आणि डावा खाली येतो. एरवी खाली आलेला एलरॉन तो पंख उचलतो. पण जो पंख आधीच हवा सोडण्याच्या काठावर आहे, त्याचा एलरॉन खाली आणणं म्हणजे त्याला आणखी तिरकं करणं. मग तो उचलला जाण्याऐवजी पूर्णच सुटतो. म्हणून तू उजवीकडे जितकं दाबलंस तितकं ते डावीकडे गेलं. अशा वेळी पहिला हात इलेव्हेटरवर (शेपटीची आडवी हलणारी पट्टी), काठी पुढे ढकलून नाक खाली. वेग येऊ दे. वळवायचं असेल तर थोडा उजवा रडर (शेपटीची उभी हलणारी पट्टी). एलरॉन वेग आल्यावर. जमिनीपासून तीन मीटरवर नाक खाली करायला मन धजत नाही हे मलाही माहीत आहे, म्हणून ती वेळच येऊ नये अशी तयारी घरी करायची.

तोल पुढे आणायचा कसा? बहुतेक जण नाकात शिसं भरतात. तू भरू नकोस. तोल ८५ वरून ५५ वर आणायचा म्हणजे ३० मिमी. ११५० ग्रॅम गुणिले ३० मिमी, ३४,५०० झाले. तुझी बॅटरी १८० ग्रॅमच्या आसपास असेल. ३४,५०० भागिले १८०, म्हणजे बॅटरी १९२ मिमी पुढे न्यावी लागेल. फोटोत तुझ्या नाकात तेवढी जागा दिसत नाही. मग दुसऱ्या टोकाकडून ये. शेपटी उतरवून काट्यावर ठेव. फोटोवरून आडवी आणि उभी मिळून ६३० चौरस सेंटीमीटर वाटते. ३ मिमी सनबोर्डची एवढी शेपटी ९५ ग्रॅमच्या घरात जाते. सनबोर्ड पीव्हीसीचा असतो, दुकानाच्या पाट्यांसाठी उत्तम, विमानासाठी जड. तीच शेपटी ६ मिमी डेप्रॉनमध्ये (हलकी फोमची शीट), आत बांबूची एक चपटी काडी आणि वरून टेप मारून ३० ग्रॅममध्ये होते. ६५ ग्रॅम वाचले. शेपटी तोलापासून ५५० मिमी मागे आहे. ६५ गुणिले ५५०, ३५,७५०. तुला ३४,५०० हवे होते.

म्हणजे एक शेपटी बदललीस की तोल आपोआप जागेवर येतो आणि विमान ६५ ग्रॅमने हलकंही होतं. शिसं भरलं असतं तर जड झालं असतं. मागचा एक ग्रॅम पुढच्या तीन ग्रॅमना भारी असतो, म्हणून शेपटीला गोंद लावतानासुद्धा मी हात आखडता घेतो. डेप्रॉन मिळत नसेल तर पॅकिंगचा पातळ घट्ट थर्माकोल चालेल, कडेला बांबू हवा.

पुढे वेळ मिळेल तेव्हा बॉडीही बदल. पंखाचं क्षेत्रफळ २४ चौरस डेसिमीटर, ११५० ग्रॅम वजन, म्हणजे प्रत्येक चौरस डेसिमीटरवर ४८ ग्रॅम. शिकाऊ विमानाला ३५ च्या आसपास बरं. बॉडी फोमची केलीस तर ८५० ग्रॅमपर्यंत येशील आणि ३५ वर बसशील. पण आधी शेपटी. तिच्यावरच विमान उडेल.

आता मे महिन्याची दुपार. आपल्याकडे हा विषय टाळून चालत नाही. हवा तापली की पातळ होते. पुस्तकातले आकडे १५ अंश आणि समुद्रसपाटी धरून असतात, तिथे एका घनमीटर हवेचं वजन १.२२५ किलो. जळगाव-भुसावळकडे ४४ अंशाला ते १.०८ च्या आसपास येतं. जानेवारीत पहाटे १२ अंशाला १.२१. दहा-अकरा टक्क्यांचा फरक, आणि तो पंखालाही लागतो, प्रॉपलाही. ढोबळमानाने काढलं तर तुझं ११५० ग्रॅमचं विमान मेच्या दुपारी ताशी ३३-३४ किलोमीटरच्या खाली तरंगूच शकत नाही. तेच ८५० ग्रॅमचं, हिवाळ्याच्या सकाळी, २७ वर तरंगतं. माणूस जागेवर उभा राहून फेकतो तेव्हा विमानाला २५ च्या आसपास वेग मिळतो. सकाळच्या वाऱ्याची समोरून ८ किलोमीटरची झुळूक असेल तर ते ३३ झाले, काम सोपं झालं. दुपारी वारा पडला की तू २५ ने फेकतोस आणि विमान ३४ मागतं. मधल्या ९ किलोमीटरमध्ये तुझी तिन्ही उड्डाणं गेली.

म्हणून उन्हाळ्यात सकाळी सहा ते आठ. दहानंतर रान तापतं, वावटळी उठतात आणि नवशिक्याच्या हातात काही राहत नाही. धुळे, साक्री, नंदुरबारकडे तर वारा सकाळीच जोर धरतो. ब्राह्मणवेलच्या पठारावर एवढ्या पवनचक्क्या आहेत त्या वाऱ्यासाठीच. सगळ्यात चांगले महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मात्र संक्रांतीचे आठ-दहा दिवस सोडून. मांजा पंखात अडकला तर विमान जातंच, शिवाय ते पडताना मांजाही ओढत नेतं.

उन्हाची आणखी एक गोष्ट, ही मी स्वतः भोगलेली आहे. ग्लू गनने मोटरचं लाकूड बॉडीला चिकटवलं होतं. मे महिना, विमान बंद गाडीत मागच्या काचेखाली तासभर ठेवलेलं. मैदानावर काढलं, हात लावून पाहिलं, सगळं घट्ट वाटलं. थ्रॉटल दिला, विमान हातातून सुटलं आणि दहा पावलांवर मोटर लाकडासकट पुढे निघून गेली. मागे तीन वायरी लोंबत होत्या. पडलेलं उचललं तेव्हा गोंद बोटाला च्युइंगगमसारखा ताणत होता. बाजूला माझा पुतण्या उभा होता, तो प्रॉप त्याच्या बाजूला गेला असता तर, हा विचार आजही येतो. बंद गाडीच्या आत ६०-७० अंश सहज होतात आणि हा गोंद तिथे मऊ पडतो. तेव्हापासून मोटरचं लाकूड, सर्वोची (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरची) बैठक आणि पंखाचा मधला जोड मी ॲराल्डाइटने चिकटवतो, आणि मोटरच्या लाकडाला दोन बाजूंनी बांबूच्या खुंट्या ठोकतो. थर्माकोलला फेविक्विक लावू नकोस, तो थर्माकोल खातो. पांढरा फेविकॉल चालतो, फक्त रात्रभर दाबून ठेवावा लागतो.

बॅटरीचंही तेच. लिपो (ही लिथियमची बॅटरी) उन्हात, गाडीत ठेवायची नाही. कापडी पिशवीत, सावलीत. फुगलेली बॅटरी कितीही चालत असली तरी विमानात घालायची नाही. चार्जिंग घरात गादीवर करू नकोस. मी मातीच्या मोठ्या कुंडीत ठेवून करतो, आणि समोर बसून.

शेपटी झाली की टेबलावर एक तास दे. पंख मागच्या बाजूने, डोळा मागच्या कडेच्या रेषेत आणून बघ. तुझे पंख थर्माकोलवर तपकिरी टेप मारून इस्त्री केलेले दिसतात. एका बाजूची टेप जास्त आवळली की पंख पिळतो, आणि मला फोटोत डाव्या पंखाची टोकाकडची मागची कड थोडी खाली वाटतेय. खात्री करायला दोन्ही टोकांना एकसारखी पट्टी धरून मोज. ३ मिमी फरक असला तरी काढायचा. उलट दिशेने हलका पीळ देऊन धर, इस्त्री कमी तापावर फिरव, गार होईपर्यंत सोडू नकोस. मग विमान नाकाच्या टोकाला आणि शेपटीला दोऱ्याने उचल. एक पंख खाली जात असेल तर हलक्या पंखाच्या टोकाला टेपखाली छोटं नाणं.

मोटर थोडी उजवीकडे आणि थोडी खाली झुकलेली हवी, दोन-दोन अंश. कोनमापी लागत नाही. मोटरच्या स्क्रूंमध्ये आडवं २५ मिमी अंतर असेल तर डाव्या बाजूच्या स्क्रूंखाली १ मिमीचा वॉशर टाकला की सव्वादोन अंश उजवीकडे होतात. खाली झुकवायला वरच्या स्क्रूंखाली तसाच.

प्रॉप काढून ठेव आणि मग रेडिओ चालू कर. विमानाच्या मागे उभा राहा, नेहमी मागे, समोरून बघितलं की डावं-उजवं उलटतं. काठी उजवीकडे: उजवा एलरॉन वर. काठी ओढली: इलेव्हेटर वर. रडर उजवीकडे: पाती उजवीकडे. हे मोठ्याने बोलत कर आणि दुसऱ्याला बघायला सांग. उलटा लागलेला एलरॉन अनुभवी माणसाच्याही नजरेतून सुटतो, आणि हवेत तो दोन सेकंद देतो. एलरॉन आणि इलेव्हेटर दोन्हीकडे १०-१२ मिमीच हलू देत, त्याहून जास्त नको. तुझ्या व्हिडिओत इलेव्हेटर २५ मिमी तरी हलतोय. सायकलच्या आरीचा पुश रॉड (सर्वोपासून पट्टीपर्यंतची तार) छान आहे, तो तसाच ठेव, फक्त सर्वोच्या आतल्या भोकात लाव.

त्यानंतर रेडिओ बंद करून बघ. मोटर थांबलीच पाहिजे. प्रॉप काढलेला असतानाच ही चाचणी. रेंज तपासायला ट्रान्समीटरच्या कमी शक्तीच्या मोडमध्ये ३० पावलं लांब जा आणि सगळे सर्वो न थरथरता चालतात का ते बघ. शेवटी प्रॉप लावून, विमान कोणीतरी घट्ट धरून, एक मिनिट पूर्ण थ्रॉटल. वॉटमीटर असेल तर १५-१६ अँपिअरच्या आसपास दिसायला हवेत. मोटरला हात लाव. बोट तीन सेकंद टिकलं तर ठीक. वार्निश जळल्याचा वास आला तर प्रॉप मोठा झालाय, ९ इंची लाव. वाइंडिंगचा वास एकदा आला की ती मोटर कमी-जास्त भाजलेलीच असते.

जागा कुठली? केळीच्या बागेजवळ नको. रावेर-यावलकडच्या मित्रांना हे सांगताना वाईट वाटतं, कारण तिकडे सपाट रान खूप आहे, पण बागेत पडलेलं विमान दोन ओळी सोडून दिसत नाही, आणि उंच ओल्या पानांच्या मागे गेलं की सिग्नलही कमी होतो. एकदा तीन दिवसांनी शेतकरी स्वतः दुकानात विमान घेऊन आला, “दादा, तुनं इमान मनी केळीमा पडनं,” म्हणाला. त्याचा एक घड आमच्यामुळे मोडला होता, त्याचे पैसे त्याने घेतले नाहीत. त्या दिवसापासून मी मालकाला विचारल्याशिवाय कोणाच्या बांधावर पाय ठेवत नाही. कापूस निघून पऱ्हाटी उपटलेलं रान असेल तर उत्तम, काळी माती नांगरलेली असली की आणखी मऊ. पंपाच्या विजेच्या तारा कुठून जातात ते आधी चालत जाऊन बघ. घारी घिरट्या घालत असतील तर थांब, विशेषतः वीण चालू असेल तेव्हा त्या विमानावर झेपावतात.

आणि कायदा. २५ ऑगस्ट २०२१ पासून लागू झालेल्या ड्रोन नियमांत आपली मॉडेल विमानंही येतात: नजरेच्या टप्प्यात, छंद, शिक्षण किंवा चाचणीसाठी उडणारी, २५ किलोपर्यंतची. सरकारी नकाशातल्या हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट, त्याहून जवळ परवानगीशिवाय अजिबात नाही. आपल्याकडे जळगावचा विमानतळ आहे, धुळ्याजवळ गोंदूरची आणि शिरपूरची धावपट्टी आहे, शिकाऊ वैमानिक खालून उडतात. भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणींच्या आसपास तर विचारही नको. सरकारी नकाशा उघडून आपलं रान कुठल्या रंगात येतं ते बघ आणि नोंदणीचं काम पूर्ण करून घे.

आता उड्डाण. पहिल्यांदा मोटर बंद. गवतावर किंवा नांगरलेल्या रानात, वाऱ्याकडे तोंड करून, विमान खांद्याच्या उंचीवरून सरळ ढकलायचं, भाला फेकतात तसं, नाक किंचित खाली. तू व्हिडिओत आकाशाकडे फेकतोयस, ते बंद. तोल बरोबर असेल तर ते पंधरा-वीस पावलं तरंगत जाऊन पोटावर उतरेल. वर जाऊन अडखळलं आणि मग पडलं तर अजून उलाळ आहे, बॅटरी १० मिमी पुढे. दगडासारखं खाली गेलं तर नाक जड, बॅटरी मागे. दहा वेळा फेक. दहाही सारखे जाईपर्यंत मोटर लावू नकोस. मी नवीन विमानाची पूर्ण सकाळ एवढ्यातच घालवतो आणि मला तो वेळ वाया गेला असं कधी वाटलं नाही. तेव्हाच विमान बोलतं.

मग मोटर. फेकणारा दुसरा हवा, तुझे दोन्ही हात रेडिओवर. थ्रॉटल तीन चतुर्थांश, फेक पुन्हा सरळ. पहिले तीन सेकंद फक्त पंख सपाट ठेव, वर ओढू नकोस. वेग आला की ते स्वतः चढेल. ४०-५० मीटर उंची घे, थ्रॉटल निम्म्यावर आण, मग ट्रिम कर, म्हणजे काठी सोडली तरी विमान सरळ जाईल असं रेडिओच्या बटणांनी जुळव. उंचीवर असतानाच एकदा थ्रॉटल बंद करून नाक हळूहळू वर घे आणि पंख कधी सुटतो, कुठल्या बाजूला सुटतो ते बघ. सुटला की नाक खाली, वेग, मग सपाट. हे तिथे दोनदा करून घेतलंस तर उतरताना हात थरथरणार नाही. विमान तुझ्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं वाटेल. तेव्हा जो पंख खाली गेलाय त्याच्या खाली काठी ने, जणू त्याला टेकू देतोयस.

चार मिनिटांनी उतरव. बॅटरीत अजून बरंच शिल्लक असेल, तरी उतरव. प्रत्येक सेल मोज, ३.७ व्होल्टच्या खाली जायला नको. ट्रिम किती क्लिक गेले ते वहीत लिही आणि घरी जाऊन पुश रॉडची लांबी तेवढी बदलून ट्रिम शून्यावर आण.

शेपटी बदलून झाली की नवं वजन, नवा सीजी आणि दहा फेकींची पावलं मला कळव. आणि रानात जाताना बॅटऱ्या दोन पुरतील, पण प्रॉप तीन ने.